पन्नाशीनंतरचे पाच किलोमीटर

बाई धावते कधी? गॅसवर दूध उतू जाऊ लागले की धावते. एस.टी. सुटायला आली की पदर खोचून धावते. नळाला पाणी आल्याचा आवाज आला की धावते, शाळेत मूल पडल्याचा निरोप आला की धावते. पण हीच बाई सकाळी साडेपाचला पायात बूट घालून रस्त्याने नुसतीच पळताना दिसली, कुणासाठी नाही, कशाच्या मागे नाही, तर गल्लीतली माणसे थांबून विचारतात, "काय हो, काय झालं?"

सांगलीत आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या वहिनींना हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात तीन वेळा ऐकावा लागला. एकदा दूधवाल्याकडून, एकदा देवळात निघालेल्या आजींकडून आणि एकदा चक्क त्यांच्या नणंदेकडून. वय चौपन्न, उंची जेमतेम पाच फूट, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. शाळेत लंगडी आणि लगोरी खेळल्या, त्यानंतर मैदानाशी संबंध आला तो मुलाच्या स्नेहसंमेलनापुरता. अशा या वहिनींनी गेल्या वर्षी श्रावणात ठरवले, की डिसेंबरात गावात होणाऱ्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत आपण भाग घ्यायचा. त्यांच्या त्या चार महिन्यांची ही हकिकत. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, फक्त नाव घालू नकोस म्हणाल्या.

हे खूळ आले कुठून?

वहिनींच्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पुन्हा पायावर अशा उभ्या राहिल्याच नाहीत. दोन वर्षे अंथरुणावर. त्यांचे उठवणे-बसवणे, भांडे देणे, कूस बदलणे सगळे वहिनींनीच केले, आणि तेही विनातक्रार. सासूबाई गेल्यानंतर तीन-चार महिन्यांनी वहिनी एकदा फरशीवर धान्य निवडायला बसल्या आणि उठता उठेनात. शेवटी पलंगाचा पाय धरून उठल्या. त्याच आठवड्यात रक्ततपासणीत साखर काठावर आली.

"तेव्हा मला धस्स झालं बघ," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना मी होते. मला कोण असेल, नसेल. पोरगा-सून पुण्याला. त्यांनी नोकऱ्या सोडून माझी कूस बदलायची का?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणींच्या मनात असतो! पण आपण तो मनातच ठेवतो आणि पुन्हा कुकर लावायला उठतो.

वहिनींची भीती काही निराधार नव्हती. पाळी थांबल्यावर शरीरातले स्त्रीसंप्रेरक कमी होते आणि पुढची काही वर्षे हाडे भराभर विरळ होऊ लागतात. स्नायूही वयाबरोबर झडतात. म्हातारपणी पडल्यावर जे हाड मोडते, त्याची तयारी अशी वीस-पंचवीस वर्षे आधीपासून चाललेली असते. हाडांचा स्वभाव मात्र चांगला आहे. त्यांच्यावर बेताबेताने भार टाकला, तर ती आपली पकड टिकवून धरतात. चालताना पायावर आपल्या वजनाहून थोडा जास्त भार येतो, पळताना तो दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून पळण्याचा फायदा आहे, आणि म्हणूनच ते एकदम सुरू करण्यात धोकाही आहे.

मग नुसते चालले तर पुरणार नाही का? पुरेल की! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि झपाझप चालणे त्यात मोडते. पण वहिनींचा अनुभव वेगळा होता. "चालायला मी आजवर दहा वेळा सुरुवात केली," त्या सांगतात. "पाहुणे आले की बंद. लग्नसराई आली की बंद. या खेपेला शर्यतीची तारीख होती. तारीख ठरली की आपण बायका काम पुरं करतो. मुंज असो नाहीतर शर्यत."

आधी डॉक्टर, मग बूट

वहिनींनी बूट घेण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ई.सी.जी. एवढे पाहून घेतले. चाळिशी उलटलेल्या आणि बरीच वर्षे व्यायाम न केलेल्या प्रत्येकीने हे करावेच. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणे इतके नेहमीचे आहे, की जरासा दम लागला तर आपण तो वयाच्या माथी मारतो. गुडघ्याची झीज आधीच झाली असेल, हाडे ठिसूळ असल्याचे निदान असेल किंवा हृदयाचे काही दुखणे असेल, तर पळायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

गुडघ्यांबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. "पळालीस तर गुडघे जातील," हे वहिनींना निदान दहा जणांनी ऐकवले. हौशीने, बेताने पळणाऱ्यांचा जो अभ्यास झाला आहे, त्यात बैठ्या माणसांपेक्षा त्यांच्या गुडघ्यांची झीज अधिक झालेली दिसत नाही. निरोगी गुडघा वापरल्याने बिघडत नाही. बिघडतो तो वाढलेल्या वजनाने, दुबळ्या मांड्यांनी आणि एकाएकी केलेल्या अतिरेकाने.

एका मुलाने आईसाठी केलेला बेत

वहिनींच्या सुनेने त्यांना मोबाइलवर एक वेळापत्रक पाठवले. ते मुळात जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने १९९६ साली तयार केले. तेव्हा तो पंचविशीत होता. स्वतः पळायला लागला तेव्हाची दमछाक त्याच्या लक्षात होती. पन्नाशी ओलांडलेली त्याची आई आणि तिच्यासारखी नवखी माणसे यांना झेपेल असे काहीतरी करावे, म्हणून त्याने नऊ आठवड्यांचा हा बेत आखला. पुढे तो जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेनेही तो आपलासा केला आहे.

त्यातली युक्ती अगदी साधी आहे. पहिल्या दिवशी कुणी पाच किलोमीटर पळत नाही. आधी पाच मिनिटे झपाझप चालायचे. मग साठ सेकंद हळू पळायचे आणि नव्वद सेकंद चालायचे, पुन्हा साठ सेकंद पळायचे, पुन्हा नव्वद सेकंद चालायचे, असे वीस मिनिटे. आठवड्यातून तीनच दिवस, तेही एक-दोन दिवसांआड. पुढच्या आठवड्यांत पळण्याची मिनिटे वाढत जातात आणि मधले चालणे कमी होते. नवव्या आठवड्यात अर्धा तास सलग पळता येते.

वहिनींनी त्यात आपली भर घातली. पळण्याआधीचे चार आठवडे त्या नुसत्या चालल्या. रोज अर्धा तास, आमराईतल्या सावलीच्या वाटेवरून. नऊ आठवड्यांचे वेळापत्रक नऊच आठवड्यांत पुरे झाले पाहिजे, असा हट्टही त्यांनी धरला नाही. जो आठवडा जड गेला, तो पुन्हा केला. तिसरा दोनदा केला. दिवाळीत फराळ आणि पाहुणे यांत नऊ दिवस बुडाले, तेव्हा एक आठवडा मागे जाऊन सुरुवात केली. भाकरी करपली म्हणून कुणी स्वयंपाक टाकून उठत नाही, तसेच हे.

"पहिल्या दिवशी साठ सेकंद म्हणजे किती असतात ते कळलं," वहिनी हसत सांगतात. "पन्नासाव्या सेकंदाला वाटलं, आता इथंच बसते. तेवढ्यात चालायची वेळ झाली. तसं नसतं तर दुसऱ्या दिवशी मी गेलेच नसते."

हळू म्हणजे किती हळू?

नव्याने पळणाऱ्यांचे घोडे अडते ते इथेच. पळायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पी. टी. उषा येते आणि आपण शंभर मीटरची शर्यत असल्यासारखे सुटतो. अर्ध्या मिनिटात छाती भाता होते. मग आपण ठरवतो, हे आपले काम नव्हे.

यावर एक सोपी कसोटी आहे. पळता पळता एक पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना मध्येच श्वासासाठी तोंड उघडावे लागले, तर वेग जास्त आहे. वहिनी मनाच्या श्लोकांतला एक श्लोक म्हणून पाहत. चारही ओळी नीट म्हणता आल्या तर ठीक, दुसऱ्या ओळीला धाप लागली तर वेग कमी. त्यांचा वेग एवढा हळू होता, की एक चालणारे आजोबा त्यांच्या बाजूने पुढे निघून जात! "जाऊ देत की," वहिनी म्हणत. "त्यांना कुठं माझ्यासंगं शर्यत लावायचीय?"

पावले लहान टाकावीत. पाय फार पुढे फेकला की टाच आपटते आणि हिसका गुडघ्याला बसतो. खांदे सैल ठेवावेत आणि मुठी आवळू नयेत. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची सपाट वाट मऊ, पण ती खड्ड्यांची नसावी.

नडगीचे दुखणे

दसऱ्याच्या सुमारास वहिनींच्या दोन्ही नडग्या ठणकू लागल्या. दम तर आता छान पुरत होता, मग पाय का दुखावेत? त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. व्यायाम सुरू केला की हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. हाडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या यांना मात्र महिने लागतात. अंगात उत्साह येतो, पण पाय अजून तयार नसतात. अशा वेळी उत्साहाचे ऐकले की दुखापत होते.

वहिनींनी दहा दिवस पळणे थांबवले आणि नुसते चालणे ठेवले. संध्याकाळी पाय धुऊन बर्फाची पिशवी लावली. ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली टेकवायच्या, असे दहा-दहा वेळा करू लागल्या. खुर्चीवरून हात न लावता उठायचे-बसायचे, हेही चहा उकळेपर्यंत होऊन जाई. मांड्या आणि पोटऱ्या घट्ट झाल्या की गुडघ्यावरचा आणि नडगीवरचा भार त्या उचलतात.

दुखणे दोन्ही पायांत सारखे आणि हालचालीने ओसरणारे असेल, तर फारशी काळजी नको. एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल किंवा सूज आली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि मधला विश्रांतीचा दिवस बुडवू नये. पाय बळकट होतात ते त्याच दिवशी.

जे कुणी बोलत नाही

आता थोडे नाजूक, पण महत्त्वाचे. वहिनींनी पळणे जवळजवळ सोडलेच होते, ते नडगीमुळे नव्हे. सलग पाच मिनिटे पळण्याची वेळ आली तेव्हा लघवीचे थेंब येऊ लागले. खोकताना, शिंकताना, जोरात हसताना हे होते, हे त्यांना ठाऊक होते. मुलाच्या जन्मापासूनच होते. पण आता साडी बदलल्याशिवाय घरी कुणासमोर येता येईना. दोन आठवडे त्या बाहेर पडल्याच नाहीत. नवऱ्याला सांगितले, पाय दुखतात.

बाळंतपणे झालेल्या कितीतरी जणींना हा त्रास असतो. प्रत्येकीला वाटते, आपल्या एकटीलाच आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. ती बाळंतपणात ताणली जाते आणि पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला, आणि आजही डॉक्टर आधी तोच व्यायाम सांगतात.

तो असा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे स्नायू आत ओढून धरतो, तेच ओढायचे. पोट, मांड्या, नितंब सैल ठेवायचे आणि श्वास रोखायचा नाही. पाच सेकंद धरायचे, पाच सेकंद सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी निवडताना, टी.व्ही. बघताना, बसमध्ये, कुठेही करता येते आणि कुणाला कळतही नाही. लघवी करता करता मध्येच अडवून हा व्यायाम करू नये. गुण यायला तीनेक महिने लागतात, तेव्हा धीर सोडू नका. त्रास जास्त असेल, खाली काही उतरल्यासारखे वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना न लाजता सांगा.

वहिनींनी शेवटी धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारले. व्यायाम सुरू केला, बाहेर पडण्याआधी लघवीला जाऊन यायचे आणि पॅड लावायचे असे ठरवले, आणि पुन्हा आमराईत दिसू लागल्या. "एवढ्याशा गोष्टीसाठी मी सोडणार होते," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा ती एवढीशी वाटत नव्हती."

कपडे, बूट आणि बाकी

खर्च करायचा तो बुटांवर. बूट संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. पायमोजा घालूनच बूट पाहावा, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवावी. मुलाचे जुने बूट आहेत म्हणून तेच घालू नयेत.

दुसरी गोष्ट आतल्या कपड्याची. पळताना छातीला हिसके बसून दुखते, म्हणून कितीतरी जणी पळणे टाळतात. पळण्यासाठीची खास कंचुकी निघाली ती १९७७ साली, अमेरिकेत. तीन मैत्रिणींनी खटपट करून ती बनवली. पहिला नमुना त्यांनी पुरुषांचे दोन खेळातले लंगोट एकाला एक जोडून शिवला होता! आज आपल्या तालुक्याच्या बाजारातही तशी घट्ट, रुंद पट्ट्यांची कंचुकी मिळते. ती घेताना दुकानात दोन उड्या मारून पाहावे.

वहिनी सुती सलवार-कमीज घालतात. ओढणी घरी ठेवतात, किंवा अगदीच अवघडल्यासारखे झाले तर कमरेला बांधतात. मंगळसूत्र उडू नये म्हणून आत घेऊन पिनेने टाचतात. काखेत आणि मांड्यांना घासून पुरळ येते, तिथे आधी खोबरेल तेल लावतात.

अगदी रिकाम्या पोटी आणि भरल्या पोटीही पळू नये. अर्धे केळे किंवा दोन खजूर पुरतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारीने मात्र कधी खायचे, कधी पळायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आल्यावर पाणी, आणि तासाभरात नीट न्याहारी. मुगाचे धिरडे, अंडे, ताक-भाकरी, काहीही, पण त्यात प्रथिने हवीत.

पहाटे अंधारात एकटीने जाऊ नये. फिकट रंगाचे कपडे घालावेत. कुत्री अंगावर आली तर पळू नये, उभे राहावे. वहिनींनी तिसऱ्या आठवड्यापासून मागच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेला बरोबर घेतले. दोघी असल्या की कुणी "काय झालं?" विचारत नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे.

सकाळचा अर्धा तास कुणाचा?

खरी अडचण पायांची नव्हती, घड्याळाची होती. साडेपाच ते साडेसहा हा घरातला सर्वांत गजबजलेला तास. वहिनींच्या यजमानांना उठल्याबरोबर चहा लागतो. पस्तीस वर्षे तो त्यांच्या हातात मिळालेला. पहिले दोन आठवडे वहिनी पाच वाजता उठून चहा थर्मासमध्ये भरून जात. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "अहो, पातेलं इथं आहे, साखर इथं आहे." पहिला चहा काळाकुट्ट झाला. आता वहिनी परत येतात तेव्हा दोन कप तयार असतात, आणि बरा असतो म्हणे.

कणीक रात्री मळून ठेवणे, भाजी आदल्या संध्याकाळी चिरून डब्यात भरणे, पळण्याच्या तीन दिवशी सकाळी पोहे-उपमा असे काहीतरी सोपे ठेवणे, एवढ्याने काम भागते. पण खरे सांगायचे तर भाजी चिरून ठेवणे सोपे आहे. "हा अर्धा तास माझा" असे घरात मोठ्याने म्हणणे अवघड. ते एकदा म्हटले की घर बिघडत नाही, हे वहिनींना कळले ते म्हटल्यावरच.

नणंद मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "वहिनी, या वयात शोभतं का?"

बायकांनी काय पळावे, किती पळावे, हे दुसऱ्यांनी ठरवण्याची रीत जुनी आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली. शेवटी काही जणी दमून गवतावर पडल्या. वर्तमानपत्रांनी त्याचा गहजब केला, आणि ही शर्यत ऑलिंपिकमधून बंद झाली ती थेट १९६० सालापर्यंत. पुरुष दमून पडतात तेव्हा त्याला पराक्रम म्हणतात! बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये १९६७ साली कॅथरिन स्विट्झर पळत होती, तेव्हा एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. तिथे बायकांना रीतसर प्रवेश मिळाला १९७२ मध्ये. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली.

वयाचे म्हणाल, तर पंजाबच्या मान कौर यांनी त्र्याण्णवाव्या वर्षी पळायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, न्यूझीलंडमध्ये शंभर मीटरची शर्यत ७४ सेकंदांत पुरी केली. आणि आपल्या बारामतीच्या लता करे? साठी उलटलेली ही कष्टकरी बाई नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून लुगडे नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरली आणि पहिली आली. त्यांच्या आयुष्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांना पळण्याचे वेळापत्रक कुणी दिले नव्हते. पण राबून राबून त्यांचे पाय तयार होते. आपले पाय बैठ्या घरात मऊ झालेले, म्हणून आपल्याला चार महिने लागतात, एवढेच.

शर्यतीचा दिवस

शर्यतीच्या दिवसापर्यंत वहिनींना पंचवीस मिनिटे सलग पळता येत होते. अर्ध्या तासाचा आठवडा गाठायचा राहिला होता. तरी त्या गेल्या. सुरुवातीला पुढे उभी असलेली पोरे गोळीसारखी सुटली. वहिनी सर्वांत मागे उभ्या राहिल्या आणि मनाचे श्लोक म्हणत आपल्या वेगाने निघाल्या. तिसऱ्या किलोमीटरनंतर पाच मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे असे केले. मागे वळून पाहिले तर फक्त रुग्णवाहिका हळूहळू येत होती. चालकाने विचारले, "काकू, बसताय का?"

"म्हटलं, बाबा, हिच्यात बसायला लागू नये म्हणूनच तर पळतेय!"

सत्तेचाळीस मिनिटे लागली. शेवटून चौथ्या. यजमान आणि पुण्याहून आलेली सून शेवटच्या रेषेपाशी उभी होती. सून म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मी पण." नणंद आल्या नव्हत्या, पण संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पदक हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "बूट केवढ्याचे हो, वहिनी?"

चार महिन्यांत वजन साडेतीनच किलो उतरले. साखर काठावरून थोडी आत आली, डॉक्टर अजून लक्ष ठेवून आहेत. पण परवा वहिनी आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. निघताना भिंतीला, जमिनीला, कशालाही हात न लावता सरळ उठून उभ्या राहिल्या.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

आपल्याकडच्या बऱ्याच शर्यती थंडीत असतात. डिसेंबरची शर्यत धरली, तर श्रावणात चालायला लागावे. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर पाच मिनिटे चालणे आहेच.

*आधीचे चार आठवडे :* रोज अर्धा तास झपाझप चालणे.

*पहिला आठवडा :* १ मिनिट पळणे, दीड मिनिट चालणे, असे २० मिनिटे.

*दुसरा :* दीड मिनिट पळणे, २ मिनिटे चालणे, असे २० मिनिटे.

*तिसरा :* दीड मिनिट पळणे, तेवढेच चालणे, मग ३ मिनिटे पळणे, तेवढेच चालणे. हे सगळे दोनदा.

*चौथा :* ३ मिनिटे पळणे, दीड चालणे, ५ पळणे, अडीच चालणे, ३ पळणे, दीड चालणे, ५ पळणे.

*पाचवा व सहावा :* सलग पळणे ५ मिनिटांवरून ८, मग १० आणि पुढे २० मिनिटांवर न्यावे. जड गेले तर हे दोन आठवडे चार करावेत.

*सातवा ते नववा :* २५, २८ आणि ३० मिनिटे सलग पळणे.

छातीत दडपण आले, दुखणे जबडा, पाठ किंवा हाताकडे सरकले, चक्कर आली, दरदरून थंड घाम फुटला किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर त्याच जागी थांबावे आणि लगेच मदत मागावी. बायकांत हृदयविकाराची लक्षणे कधीकधी अशी आडवळणाने येतात, तेव्हा "पित्त झालं असेल" म्हणून घरी येऊन पडू नये.

आणि पहिल्या दिवशी कुणी थांबून विचारलेच, "काय हो, काय झालं?", तर वहिनींनी दूधवाल्याला दिलेले उत्तर द्यावे. "काही नाही, पळतेय," एवढेच म्हणून पुढे जावे.